डागडुजी की देखावा?

पावसाळा सरला आणि आभाळ स्वच्छ झाले की कळंबोलीच्या लोखंड बाजारापलीकडे, दक्षिणेच्या बाजूला, कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. उभ्या केलेल्या अंगठ्यासारखा त्याचा आकार आहे. इंग्रज लोक त्या डोंगराला ‘फनेल हिल’ म्हणत. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून हा सुळका मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण तो एक किल्ला आहे, तेथे माणसे राहिली, लढली, खडकात पाणी साठवून जगली, ही गोष्ट मनावर कधी ठसलीच नव्हती. ती ठसली गेल्या हिवाळ्यात, आणि तीसुद्धा रायगडाहून परतताना एस.टी.त झालेल्या एका भांडणामुळे.

इतिहास विभागाची सहल होती. दिवसभर गड पाहून आम्ही थकलो होतो. माणगाव मागे पडले आणि माझा एक मित्र वैतागून म्हणाला, “एवढा गड चढलो आणि पाहिलं काय? जोती! इथे महाल होता म्हणे, इथे कचेरी होती म्हणे. अरे, सरकारने पैसे खर्चावेत आणि महाल होता तसा पुन्हा बांधावा. सिंहासन, दरबार, राणीवसा, सगळं. लोकांना दिसलं तर पाहिजे!” बसमधल्या बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या. मी एकटा ‘नको’ म्हणालो. का नको, हे मात्र मला धड सांगता येईना. पेण येईपर्यंत मी वादात पुरता हरलो होतो. पुढच्या बाकावर बसलेले आमचे सर सगळे ऐकत होते. उतरताना एवढेच म्हणाले, “बोलताना सुचलं नाही ना? मग वार्षिकांकासाठी लिही.” म्हणून हा लेख. मित्राला द्यायचे उत्तर मी आता सावकाश देणार आहे.

प्रथम हे कबूल करतो की मित्राचे म्हणणे वेडगळ नाही. मोडक्या भिंतीपुढे उभे राहून वैभव डोळ्यांपुढे आणणे सोपे नसते. त्यासाठी आधी वाचावे लागते आणि सगळ्यांना तेवढी सवड नसते. एखादा आजोबा नातवाला घेऊन गडावर येतो तेव्हा त्याला काहीतरी उभे, डोळ्यांना दिसणारे दाखवायचे असते. ही भूक खरी आहे. प्रश्न आहे तो ती कशाने भागवायची याचा.

रायगडाने काय काय पाहिले ते थोडक्यात आठवू या. १६५६ साली जावळीच्या मोऱ्यांकडून हा रायरीचा डोंगर शिवाजी महाराजांकडे आला. हिरोजी इंदुलकराने त्यावर राजधानी बांधली. जगदीश्वराच्या देवळापाशी त्याचा संस्कृत शिलालेख आहे. त्यात गडावर काय काय बांधले याची यादी दिली आहे. यादीत महाल आहेत तशा विहिरी आणि तळीही आहेत. देवळाच्या एका पायरीवर त्याने आपले नाव कोरले आहे आणि आपण सेवेस तत्पर आहोत एवढेच सांगितले आहे. राजधानी बांधणारा माणूस आपले नाव पायरीवर कोरतो! आज एक बसथांबा उभारला तरी नावाची पाटी थांब्याहून मोठी असते. असो.

६ जून १६७४ रोजी येथे राज्याभिषेक झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. एवढ्या बिकट वाटेने हत्ती वर आणले कसे, याचे त्याला नवल वाटले. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज याच गडावर वारले. १६८९ साली संभाजी महाराजांच्या वधानंतर मोगलांचा वेढा पडला. राजारामांनी गड सोडून बाहेर पडावे, राज्य राखावे, असा निर्णय येसूबाईंनी घेतला आणि स्वतः मात्र त्या बाळ शाहूसह मागे राहिल्या. गड पडला, त्या कैदेत गेल्या आणि सुटून दक्षिणेत परत यायला त्यांना १७१९ साल उजाडले. मला विचाराल तर राज्याभिषेकाइतकाच तो क्षणही रायगडाचा आहे. पण त्याची आठवण सांगणारे गडावर कितीजण भेटतात?

१७३३ साली गड पुन्हा मराठ्यांकडे आला. शेवट झाला तो १८१८ च्या मे महिन्यात. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणशीबाई तेव्हा गडावर होती. कर्नल प्रॉथरच्या फौजेने समोरच्या डोंगरावर तोफा चढवून मारा केला. वाड्यांची जोती दगडाची, पण वरचा सांगाडा लाकडाचा. गोळे पडले, आग लागली आणि जे जळण्यासारखे होते ते सगळे जळून गेले. माझ्या मित्राला दिसली ती जोती त्या आगीतून उरलेली आहेत. ती ‘रिकामी’ नाहीत. राज्याभिषेकाचा दगड आणि पराभवाचा दगड एकच आहे. त्यावर नवा महाल उभारला तर १६७४ चा देखावा कदाचित उभा राहील, पण १६८९ आणि १८१८ पुसले जाईल. ज्या राष्ट्राला आपला विजय तेवढा आठवायचा असतो त्याला पराभवाची कारणेही कळत नाहीत.

आता दुरुस्तीकडे वळतो. कारण ‘हात लावू नका, पडू द्या’ असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, आणि बसमध्ये माझी पंचाईत झाली ती इथेच. रायगड पडल्यावर कितीतरी वर्षे समाधीवर झाडेझुडपे माजली होती. महात्मा फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा प्रसिद्ध केला. रायगडी जाऊन समाधीचा शोध घेऊन ती त्यांनी स्वच्छ केली, असे सांगितले जाते. १८८३ साली जेम्स डग्लस नावाच्या इंग्रज लेखकाने मुंबईविषयीच्या आपल्या पुस्तकात समाधीच्या दुर्दशेबद्दल खंत व्यक्त केली. परक्याने केलेली ती कानउघाडणी इथल्या मनाला लागली. १८९५ साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून समाधीच्या जीर्णोद्धाराची हाक दिली, निधी सुरू झाला, १८९६ साली गडावर उत्सव भरला. प्रत्यक्षात समाधीवर छत्री उभी राहिली ती १९२६ साली. म्हणजे हाक दिल्यापासून तब्बल एकतीस वर्षांनी.

याचा अर्थ असा की आज आपण ज्या समाधीपुढे डोके टेकतो तिचे जोते जुने आणि वरची छत्री १९२६ ची आहे. हे कळल्यावर आमच्या सहलीतल्या एकीचा चेहरा उतरला. “म्हणजे खरी नाही?” तिने विचारले. मला वाटते, ती अगदी खरी आहे. मात्र ती १६८० ची खरी नाही, १९२६ ची खरी आहे. पारतंत्र्यातल्या लोकांनी वर्गण्या देऊन, अर्ज करून, सरकारच्या मागे लागून आपल्या राजाच्या डोक्यावर धरलेले ते छत्र आहे. तेही इतिहासच आहे. तिथे एक लहानसा दगड बसवून ‘छत्रीचे काम सन १९२६’ एवढे ठळक कोरले, तर भक्ती उणी होणार नाही, उलट तीत एका पिढीची भर पडेल.

इथेच मला बसमध्ये न सुचलेली कसोटी सापडली. जी दुरुस्ती आपली तारीख लपवत नाही ती डागडुजी. जी आपली तारीख लपवते तो देखावा.

डागडुजी हा शब्द आपल्या राज्यकारभारातला जुना शब्द आहे आणि तिचे शास्त्रही आपल्याकडे होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे १७१५ च्या सुमारास, दुर्गांवर एक अख्खे प्रकरण आहे. गड कुठे बांधावा याची चर्चा करताना अमात्य महालापासून सुरुवात करीत नाहीत, पाण्यापासून करतात. आधी पाणी पाहा, मग गड बांधा. पाणी नसेल आणि जागा तर हवीच असेल तर खडक फोडून टाकी खणा. एका झऱ्यावर विसंबू नका. कारण लढाईत तोफांच्या दणक्यांनी झरे आटतात. तटात झाडे रुजतात, ती वेळच्या वेळी काढा. सगळा उपदेश असा रोकडा. देशावरच्या एखाद्या शहाण्या आजीने घराची निगा कशी राखावी ते सांगावे, तसा.

या कसोटीला रायगडावरचे अलीकडचे काम लावून पाहू. २०१७ च्या सुमारास रायगड विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली कामे सुरू झाली. त्यातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम छायाचित्रात फारसे उठून दिसत नाही. गडावर हत्ती तलाव नावाचा तलाव आहे. वर्षानुवर्षे तो गळत होता; पावसाळ्यात भरे आणि पाणी वाहून जाई. त्याच्या भिंतीची गळती काढली आणि २०२० च्या पावसाळ्यात तो काठोकाठ भरला. रामचंद्रपंत असते तर त्यांनी आधी हाच हिशेब विचारला असता. उत्खननात वाड्यांची जोती मोकळी झाली. कौले, खिळे अशा साध्या वस्तू मिळाल्या. २०२१ साली एक सोन्याची बांगडी मिळाली. वर्तमानपत्रांनी बांगडी छापली. मला मात्र खिळा आणि कौल जास्त बोलके वाटतात. छप्पर कसले होते, लाकूड कसे जोडले होते, हे ती सांगतात. नवा महाल आधीच बांधून टाकला असता तर त्याच्या पायाखाली हे सगळे कायमचे गाडले गेले असते. गडाची जमीन अजून पुरती वाचून झालेली नाही. न वाचलेल्या पोथीला कोणी चकचकीत बांधणी करून तिची पाने चिकटवून टाकतो काय?

आता थोडे चुन्याविषयी आणि लोखंडाविषयी, कारण वाद शेवटी तिथेच येऊन ठेपतो. जुन्या बांधकामात चुना वापरीत. चुना, वाळू, विटांची भुकटी घाणीत मळून तो सिद्ध होई. गूळ, हिरडा असे पदार्थही त्यात घालीत. पुष्कळ गडांवर चुन्याच्या घाणीचे वर्तुळ आणि तिचे दगडी चाक आजही पाहायला मिळते. चुना हळू हळू घट्ट होतो, पण तो ओल बाहेर जाऊ देतो आणि भिंत किंचित हलली तरी तिच्याबरोबर हलतो. सिमेंट लवकर आवळते आणि कठीण होते. जुन्या भिंतीच्या सांध्यात ते भरले की भिंतीत शिरलेले पावसाचे पाणी आत अडकते. दोनचार वर्षे काम नवे दिसते, मग सिमेंटचा पापुद्रा सुटतो आणि सुटताना जुन्या दगडाची कड घेऊन जातो. काही उत्साही मंडळे श्रमदानाच्या भरात सांधे सिमेंटने भरतात, तोफांना चकचकीत काळा रंग फासतात. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण आजाऱ्यावर प्रेम आहे म्हणून कोणी वाटेल ते औषध पाजत नाही.

लोखंडाचे मला माझ्या बाबांनी सांगितले. ते इथल्या लोखंड बाजारात माथाडी आहेत. तीस वर्षे त्यांच्या खांद्यावरून सळया आणि पत्रे गेले आहेत. रायगडाहून आल्यावर मी त्यांना विचारले की दगडी भिंतीत लोखंडी सळई घातली तर भिंत पक्की होईल ना? ते हसले. म्हणाले, “लोखंड उन्हाला भीत नाही, ओलीला भितं. आणि गंजलं की फुगतं. फुगलं की जिथं असेल ते फोडतं.” कोकणातल्या गडावर चार महिने धो धो पाऊस आणि नंतर समुद्राची खारी हवा. बाबांचे हे दोन शब्द मी कुठल्याही जाड पुस्तकाइतकेच महत्त्वाचे मानतो.

त्यांची आठवण मला एका दुःखद प्रसंगामुळे वारंवार होते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवाजी महाराजांच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष जोडकाम ही कारणे पुढे आली. त्या जागेवरून समोर समुद्रात सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली त्याचे काम सुरू झाले आणि तीन वर्षे चालले. पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे सांगतात. साडेतीनशे वर्षे लाटा खाऊन तो उभा आहे. पुढे २०२५ साली राजकोटला नवा, अधिक उंच पुतळा उभारला गेला. उंची वाढली, पण आपण जो धडा घ्यायचा तो उंचीचा होता की जोडकामाचा? मी राजकारणात शिरत नाही. मला एवढेच दिसते की घाईने केलेले स्मरण टिकत नाही आणि महाराजांच्या नावाचे काम तर घाईने करूच नये.

माझा मित्र हुशार आहे. त्याने बसमध्येच परदेशाचा दाखला दिला होता. “युरोपात, जपानात लोकांनी किल्ले पुन्हा बांधले. ते काय मूर्ख आहेत?” या प्रश्नाला मी टाळणार नाही. जपानमधल्या ओसाका किल्ल्याचा मनोरा १६६५ साली वीज पडून जळाला होता. १९३१ साली तो लोकांच्या देणग्यांतून काँक्रीटचा बांधला. आत वस्तुसंग्रहालय आहे आणि वर जायला लिफ्ट. पण तो काँक्रीटचा आहे हे तिथे कोणी लपवीत नाही. त्याच १९३१ च्या मनोऱ्यालाही आता वारसा म्हणून मान मिळाला आहे. फ्रान्समधल्या कारकासोनच्या तटबंदीचा गेल्याच्या गेल्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या स्थापत्यकाराने जीर्णोद्धार केला. त्याने बुरुजांवर पाटीच्या दगडाची शंकूसारखी टोकदार छपरे चढवली. ही उत्तरेकडची पद्धत, दक्षिणेत अशी छपरे नसत, अशी टीका तेव्हापासून आजतागायत चालू आहे. येणारा प्रवासी मात्र तीच मध्ययुगीन छपरे समजून घरी जातो. देखावा एकदा उभा राहिला की तोच पुरावा होऊन बसतो, हा त्यातला धोका.

सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण पोलंडचे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जर्मनांनी वॉर्सा शहर ठरवून जमीनदोस्त केले. युद्धानंतर पोलिश लोकांनी जुने शहर पुन्हा उभे केले. तिथला राजवाडा १९७१ ते १९८४ या काळात लोकांच्या देणग्यांतून बांधला. १९८० साली युनेस्कोने त्या जुन्या शहराला जागतिक वारशात स्थान दिले, आणि पुनर्बांधणीसाठीच दिले. मग रायगड का नको? उत्तर साधे आहे. वॉर्साचा विनाश करणारे आणि तो पाहणारे त्याच पिढीतले होते. आणि त्यांच्याजवळ कागद होते. अठराव्या शतकातल्या चित्रकाराने रंगवलेली रस्त्यांची बारीक चित्रे होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे युद्धापूर्वी तिथल्या स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घराघराची मापे घेऊन नकाशे काढले होते. शत्रूपासून लपवून ठेवलेले ते नकाशे पुढे उपयोगी आले. रायगडाच्या महालांचा लाकडी मजला कसा होता, खांब किती उंच, छत कसे, खिडक्या कुठे, हे मापासकट सांगणारे असे काहीच उरलेले नाही. बांधायचे तर कल्पनेने बांधावे लागेल, आणि आजची कल्पना म्हणजे पुष्कळदा सिनेमाचा सेट. स्मारकांच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिसला जगातल्या जाणकारांनी जी सनद केली तिचे सार हेच आहे की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे.

मग त्या आजोबांनी नातवाला काय दाखवावे? पायथ्याशी, गडाबाहेर, चांगले दालन करा. त्यात महालाची लाकडी प्रतिकृती ठेवा, एक नव्हे, जाणकारांच्या मतभेदांप्रमाणे दोन ठेवा. चुकली तर बदलता येते. गडावरच्या दगडाला मात्र जे माहीत आहे तेवढेच बोलू द्या.

मित्रहो, आतापर्यंत मी रायगडाविषयी बोललो, कारण त्याविषयी बोलणे सोपे आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. आपल्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी त्यांत आहेत. कर्नाळा नाही. जे यादीत आले त्यांना पैसा, पाहणारे आणि पहारेकरी मिळतील. जे आले नाहीत त्यांचे काय? खरी कसोटी तिथे आहे.

त्या रात्री आमची एस.टी. कर्नाळ्याच्या खिंडीतून पनवेलकडे येत होती तेव्हा मला सुळका अंधारात पुसट दिसला आणि मनात आले, हा तर आपला शेजारी. पंधरा दिवसांनी मी तिथे गेलो. अभयारण्याच्या झाडीतून वाट वर चढते. वर दरवाजे आहेत, पडका वाडा आहे, दगडात कोरलेला मराठी लेख आणि फारसी लेख आहेत. सुळक्याच्या पोटात खडक खोदून केलेली पाण्याची टाकी आणि कोठारे आहेत; वर मधमाश्यांची मोहळे लटकलेली असतात, म्हणून आवाज न करता जायचे. हा किल्ला १६५७ च्या सुमारास महाराजांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांत गेला, १६७० साली परत मिळवला गेला. आणि १८१८ साली तो घेतला कोणी? त्याच कर्नल प्रॉथरने, ज्याने पुढे रायगड घेतला. एकाच माणसाने एकाच साली दोन गड पाडले. एकावर आज लाखो लोक जातात, दुसऱ्यावर डबे खाऊन कागद टाकायला जातात.

कर्नाळ्याच्या पायथ्याशी शिरढोण आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी तिथे वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांच्या आजोबांकडे, अनंतरावांकडे, कर्नाळ्याची किल्लेदारी होती आणि १८१८ साली गड त्यांच्याच हातून गेला. कल्पना करा, लहान वासुदेव अंगणातून रोज तो सुळका पाहत असेल. घरात गडाच्या गोष्टी निघत असतील. पुढे त्याच मुलाने रामोशी, कोळी, धनगर तरुणांना गोळा करून इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात देह ठेवला. त्याला कोणी महाल दाखवला नव्हता. त्याने पाहिला तो पडका गडच. पडक्या गडातही माणूस पेटवण्याची ताकद असते, याचा याहून जवळचा पुरावा मी कुठून आणू?

आणि आपल्या या भागात इतिहास डोंगरावरच आहे असेही नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात माणसे पडली. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, नव्या शहरासाठी जाणाऱ्या जमिनीचा मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात जासईच्या परिसरात पाच जण गोळीबारात गेले, दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते होते. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आज आपण ज्या कळंबोलीत शिकतो, जिथून द्रुतगती मार्ग सुरू होतो, तीही नव्या शहराच्या त्याच आखणीत, गावकऱ्यांच्या भातशेतीवर उभी राहिली. त्या शेतांचा एकही बांध आता शिल्लक नाही. कोणी त्यांचे माप घेऊन ठेवले नाही. शेतांच्या बाबतीत झाले ते गडाच्या बाबतीत होऊ नये.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि ती सरकारला नाही, आपल्यालाच आहे. वॉर्साच्या विद्यार्थ्यांनी जे केले ते आपण कर्नाळ्यावर करू या. दुरुस्ती करायला आपण अधिकारी नाही. एकही दगड हलवायचा नाही, एकही सांधा भरायचा नाही. वनखात्याची परवानगी घेऊन, दर वर्षी पावसाळा संपल्यावर, आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी वर जावे. प्रत्येक दरवाजा, प्रत्येक भिंत, प्रत्येक टाके यांची मापे घ्यावीत, ठरलेल्या जागेवरून छायाचित्र काढावे, कुठे पिंपळ रुजला, कुठे दगड निसटला, कोणत्या टाक्यात पाणी किती, हे वहीत लिहावे. इतिहासाच्या मुलांनी लेख उतरवावेत, भूगोलाच्या मुलांनी नकाशा काढावा, मराठीच्या मुलांनी शिरढोणच्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या वृद्धांकडून गडाच्या आठवणी उतरवून घ्याव्यात. वही ग्रंथालयात राहील. पुढच्या वर्षीची मुले त्याच वहीत पुढचे पान लिहितील. दहा वर्षांनी कोणी जाणकार खरीच दुरुस्ती करायला आला तर त्याला अंदाज करावा लागणार नाही. आपण त्याच्या हातात वही ठेवू.

या कामाला उद्घाटन लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. लागते ती एक लांब मोजपट्टी, वही आणि चार वर्षे टिकणारा कंटाळा न करण्याचा स्वभाव. यातला शेवटचा जिन्नस बाजारात मिळत नाही, एवढीच अडचण.

लेख सरांना देण्याआधी मी तो मित्राला वाचायला दिला. महालाविषयीचे त्याचे मत अजून पुरते बदललेले नाही. “प्रतिकृती मात्र मोठी हवी,” तो म्हणाला. मी ते मान्य केले. मग थोडा वेळ गप्प बसून त्याने विचारले, “कर्नाळ्याला कधी जायचं? मोजपट्टी माझ्या काकांकडे आहे, शंभर फुटी. ते गवंडीकाम करतात.” आम्ही तारीख ठरवली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी इतिहास विभागाच्या फळ्यावर नाव लिहावे.